पैशाचा हिस्सा आणि माणसाचा हिस्सा



परदेशी मुलाबाळांकडे काही महिने राहून येणारी ज्येष्ठ मंडळी आता आपल्या समाजात घरोघरी आढळतात. परतल्यावर ती बहुधा उंच इमारतींचे आणि वेगवान गाड्यांचे वर्णन करतात. शांघायमधील माझ्या मुक्कामात तेथील काही भारतीय कुटुंबांच्या सहलीबरोबर शान्शी प्रांतातील पिंगयाओ या प्राचीन नगरात जाण्याचा योग आला. व्यापारी घरातील माणसाने चीनमध्ये एकच गाव पाहायचे असेल, तर ते हेच पाहावे, असे माझे मत झाले आहे.

शांघायहून रेल्वेने थाययुआन आणि तेथून सुमारे ९० किलोमीटरवर पिंगयाओ. सोबत खाकरे, थेपले व कोरडा नाश्ता होता, त्यामुळे चौविहार सांभाळणाऱ्यांचीही गैरसोय झाली नाही. नगराचा विटांचा तट १३७० मध्ये बांधलेला. घेर सुमारे ६ किलोमीटर, उंची सुमारे १२ मीटर. १९९७ मध्ये युनेस्कोने या नगराचा जागतिक वारशात समावेश केला. तटावरून करड्या कौलांची घरे आणि चौकाचे वाडे पाहताना आपल्याकडील जुन्या पेठांची आठवण येते.

तथापि पिंगयाओची खरी कीर्ती तटामुळे नव्हे, पेढ्यांमुळे आहे. येथील रंगाच्या एका व्यापाऱ्याची बीजिंगमध्ये शाखा होती. तिकडे व्यापार करणारे गाववाले आपली चांदी त्या शाखेत भरत आणि चिठ्ठी दाखवून गावी वसूल करीत. वाटेवरच्या लुटारूंचे भय त्यामुळे टळे. पुढे रंगापेक्षा चिठ्ठीचा धंदा अधिक चालू लागला आणि १८२३ मध्ये ‘रिशेंगछांग’ ही केवळ हुंडीचा व्यवहार करणारी पेढी उभी राहिली. तिच्या वाड्यात आज संग्रहालय आहे. पुढे पिंगयाओ आणि शेजारची छीश्यान व थायकू या गावांतील पेढ्यांच्या शाखा चीनभर पसरल्या.

आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मुर्शिदाबादच्या जगत्शेठ घराण्याने बंगालचा महसूल दिल्लीला हुंडीनेच पोहोचवला होता. आपल्या हुंडीत रकमेची खाडाखोड होऊ नये म्हणून ‘निमे इतके, त्याची दुप्पट’ असे लिहीत. पिंगयाओच्या पेढ्यांनी त्यासाठी सांकेतिक अक्षरे योजली. बारा महिन्यांसाठी बारा अक्षरे. ती ओळीने वाचली तर ‘खोट्या हुंडीपासून सावध राहा, अक्षर व शिक्का नीट पाहण्यास विसरू नका’ असा अर्थ निघे. बँकेत डिमांड ड्राफ्टवरील सांकेतिक आकडे जुळवण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांना ही युक्ती विशेष भावेल.

मला मात्र त्या वाड्यात सर्वांत विचार करायला लावले ते तेथील हिस्सेवाटपाने. या पेढ्यांत हिस्से दोन प्रकारचे असत. मालक चांदी गुंतवी, त्याचा पैशाचा हिस्सा. व्यवस्थापक आणि जुने, विश्वासू कारकून एक छदामही गुंतवीत नसत. त्यांचा ‘देहाचा हिस्सा’, म्हणजे श्रमाचा आणि सचोटीचा. एका हिश्श्याचे दहा भाग करीत. कर्मचारी एक-दोन भागांपासून चढत जाई. पूर्ण हिस्सा ही सामान्यतः कमाल मर्यादा. काही वर्षांनी एकदा हिशेब होऊन दोन्ही प्रकारच्या हिस्सेदारांत नफा वाटला जाई. तोटा मात्र मालकाचा. हिस्सेदार कर्मचारी निवर्तला तरी त्याच्या कुटुंबाला काही काळ हिस्सा मिळत राही. त्या बदल्यात शिस्त कडक होती: नोकरीस जामीन लागे आणि दूरच्या शाखेवर कुटुंब नेण्यास मनाई असे.

छीश्यानच्या छियाओ घराण्याच्या ‘दादेथोंग’ पेढीचे आकडे बोलके आहेत. १८८९ मध्ये तेथे मालकांचे २० हिस्से होते आणि कर्मचाऱ्यांचे ९.७. १९०८ मध्ये मालकांचे २०च राहिले, कर्मचाऱ्यांचे २३.९५ झाले. निम्म्याहून अधिक नफा कर्मचाऱ्यांना जाऊ लागला, तरी मालक गरीब झाला नाही. त्या काळात दर हिश्श्यामागील नफा कितीतरी पटींनी वाढला होता.

हे आकडे वाचताना मला सातपुड्यातील धडगाव आठवले. सेवेतील काही वर्षे मी तेथे काढली. उन्हाळ्यात पावरा आणि भिल्ल कुटुंबे वाळवलेले आमचूर घेऊन बाजारात येतात. दुकानाच्या काट्यावर बहुधा एक जुना माणूस असतो. त्याला पावरी बोली येते. फोड हातात मोडून ती किती वाळली आहे हे तो सांगतो. कोणत्या पाड्यावर कोणाकडे उधारी द्यावी हे त्याला तोंडपाठ असते. गिऱ्हाईक पाटी वाचून नव्हे, त्याची हाक ऐकून पायरी चढते. दुकानाचे निम्मे भांडवल असे त्या माणसात असते, पण ताळेबंदात त्याचा मागमूस नसतो. पगार, दिवाळीची बक्षिसी, अडीनडीला उचल, एवढ्यावर पंचवीस-तीस वर्षे संपतात. इकडे शेटजींची मुले पुण्यात किंवा परदेशात स्थिरावलेली असतात. तो माणूस थकला की दुकानही थकते.

‘नफ्यात वाटा दिला तर उद्या तो भागीदारी मागेल’ ही शंका अनेकदा ऐकली आहे. ती निराधार आहे. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ याच्या कलम ६ प्रमाणे नोकराला मोबदला म्हणून नफ्यातील वाटा दिला, तर केवळ तेवढ्याने तो भागीदार ठरत नाही. मात्र करार लेखी असावा. किती टक्के, कोणत्या नफ्यावर, हिशेब केव्हा, काम सुटल्यास किंवा मृत्यू आल्यास काय, हे सारे त्यात यावे. आपल्या सनदी लेखापालांना दाखवून मगच सही करावी.

या पेढ्या पुढे बुडाल्या, हेही सांगितले पाहिजे. आधुनिक बँका उभ्या राहत होत्या, तेव्हा एका पेढीच्या बीजिंग शाखेचे व्यवस्थापक ली होंगलिंग यांनी सर्वांनी मिळून नवी बँक काढावी, असा आग्रह धरला. मुख्य कचेरीतील वरिष्ठांना तो पटला नाही. १९११ च्या क्रांतीत कर्जे बुडाली, ठेवीदार दारात आले आणि १९१४ मध्ये रिशेंगछांगही कोलमडली. दूरच्या शाखेवरच्या माणसाला नफ्यात हिस्सा होता, पण बाजाराची बदललेली हवा त्याने कळवली तेव्हा त्याचे कोणी ऐकले नाही. आपल्याकडे ही बातमी कधी परदेशातील मुलगा देतो, कधी काट्यावरचा माणूस.

येत्या दिवाळीला वहीपूजन कराल, तेव्हा नव्या वहीत त्या जुन्या माणसाच्या नावाचे एक खाते उघडावे, आणि त्यात उचलीच्या आधी त्याचा हिस्सा लिहावा.