‘गूळ’ शोधला, ‘गुळाचे’ राहून गेले

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या पेढीवर एका जुन्या ग्राहकाचे पत्र आले. तीन वर्षांपूर्वीच्या गुळाच्या व्यवहारात ठरलेली सूट हिशेबात धरलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आमचा सारा पत्रव्यवहार संगणकात आहे, याचा मला केवढा अभिमान! चिरंजीवांनी ‘गूळ’ हा शब्द घालून शोध घेतला; एकही पत्र निघाले नाही. अशी सूट ठरलीच नव्हती, असे उत्तर लिहावयास आम्ही बसलोही.

मुनीमजींनी थांबविले. “पत्रात ‘गुळाचे दर’ असे असेल,” ते म्हणाले. ‘गुळा’ एवढेच घालताच पत्र समोर आले.

संगणक अक्षरास अक्षर जुळवीत होता. मराठीत प्रत्यय लागताच शब्दाचे रूपच पालटते: तूर तुरीची होते, तांदूळ तांदळाचा, कापूस कापसाचा. नैसर्गिक भाषा प्रक्रिया हे शास्त्र येथे उपयोगी पडते. प्रत्यय सोडवून ते मूळ शब्दापर्यंत पोहोचते.

त्याची दुसरी युक्ती व्यापाऱ्यास चटकन पटावी. केंब्रिजच्या संशोधिका कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले, की जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्यास अधिक वजन द्यावे. ‘माल’ हा शब्द तर प्रत्येक पत्रात असतो. ‘काकवी’ दोन-चार पत्रांतच.

अलीकडे शब्द आकड्यांच्या रांगांत मांडून अर्थाने जवळचे शब्द एकत्र आणले जातात. त्यामुळे ‘सूट’ विचारली तरी ‘दरात कपात’ लिहिलेले पत्रही निघू शकते. गूगलने २०१९ मध्ये बर्ट नावाचे भाषा-प्रारूप आपल्या शोधात आणले, ते याच वाटेवरचे.

मात्र बिलाचा क्रमांक शोधताना अर्थाच्या शोधावर विसंबू नये. ४१७ आणि ४७१ त्यास सख्खी भावंडे वाटू शकतात! तेथे जुना अक्षरशः शोधच बरा. प्रणाली घेताना दोन्ही सोयी आहेत का, हे विचारावे आणि आपल्याच मराठी पत्रांवर ती चालवून पाहावी. नुसती छायाचित्रे असलेल्या कागदांतील मजकूर आधी अक्षर-ओळखीने काढावा लागतो. मुनीमजींच्या हस्ताक्षरापुढे यंत्राने हात टेकले, तर मी त्यास दोष देणार नाही.

ते पत्र आम्ही पूर्ण वाचले. सूट आमच्याच पेढीने कबूल केली होती. खाली वडिलांची सही होती. फरकाची रक्कम त्याच दिवशी पाठविली.