मोजमापाची मालकी कोणाची?

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे दोन शब्द जोडीने येतात : डिजिटल परिवर्तन आणि शाश्वत विकास. पहिले साधले की दुसरा आपोआप साधतो, असा या जोडीमागचा युक्तिवाद आहे. ‘सेबी’ने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक केले, तेव्हापासून कर्ब, पाणी आणि कचरा यांचे हिशेब संगणकावर ठेवणे अपरिहार्यच झाले आहे. हिशेब ठेवणे चांगलेच. पण त्या हिशेबाचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न अहवालाच्या पानांवर क्वचितच उतरतो. नागपूरच्या वीजव्यवहारावरून तो तपासून पाहण्यासारखा आहे.

जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. नागपुरातील तीन विभागांचे वितरण २०११ मध्ये खासगी फ्रँचायझीकडे गेले आणि २०१९ मध्ये महावितरणला ते परत हाती घ्यावे लागले. या अनुभवानंतर आला स्मार्ट मीटर. राज्यभरात सुमारे सव्वादोन कोटी मीटर, खर्च सुमारे सत्तावीस हजार कोटी रुपये. म्हणजे मीटरमागे बारा हजार. केंद्राचे अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त नऊशे रुपये. ग्राहकाकडून मीटरची किंमत घेतली जाणार नाही, असे सांगितले जाते. परंतु वितरण कंपनीचा मान्य खर्च अखेर वीजदरातूनच वसूल होतो, हे अर्थशास्त्रातील गूढ नव्हे. नागपूरसह राज्यभर विरोध झाला आणि सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, अशी घोषणा जून २०२४ मध्ये सरकारला करावी लागली. पुढे स्मार्ट मीटरच मासिक बिलाच्या पद्धतीने, ‘टीओडी मीटर’ या नावाने बसू लागले.

या मीटरमागचा पर्यावरणीय हेतू खोटा नाही. दुपारी सौरवीज मुबलक असते, संध्याकाळी मागणी चढते आणि ती भागवायला कोळसा जाळावा लागतो. मागणीचा काही भाग दिवसाकडे वळवला तर तेवढा कोळसा वाचेल. म्हणूनच केंद्राने जून २०२३ मध्ये नियम दुरुस्त करून सौर तासांतील दर किमान वीस टक्के कमी ठेवण्याचे तत्त्व आणले. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतील विजेवर सवलत मिळू लागली.

पण ही सवलत कोणाच्या पदरात पडते? दिवसा घरात माणसे असतात, धुलाईयंत्र, पंप, वातानुकूलन चालते, अशा घराच्या. बांधकामावर किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे नवराबायको सकाळी घर बंद करून निघतात आणि दिवेलागणीला परततात. त्यांचा दिवा, पंखा आणि नागपूरच्या उन्हाळ्यात अटळ असलेला कूलर सवलतीची वेळ टळल्यावर सुरू होतो. मीटरच्या खर्चात त्यांचा वाटा आहे, सवलतीत जवळजवळ नाही. शिवाय मीटर स्वतःच नोंद पाठवू लागला की घरोघर फिरून वाचन घेणाऱ्या कंत्राटी कामगाराचे काम संपते. त्याच्या पुनर्वसनाचा खर्च ‘परिवर्तना’च्या अंदाजपत्रकात कोठे आहे?

दुसरे उदाहरण कोराडीचे. नागपूरच्या वेशीवर कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची दोन औष्णिक केंद्रे मिळून साडेतीन हजार मेगावॉटच्या आसपास वीज निर्माण करतात. औष्णिक केंद्रांसह सतरा प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांनी धुराड्यावर अखंड ऑनलाइन मापक बसवावेत, असे निर्देश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये दिले. डिसेंबर २०१५ मध्ये गंधक डायऑक्साइडची मर्यादा ठरली आणि ती पाळण्यास दोन वर्षे दिली गेली. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट देण्यात आली. मापक बसले, मर्यादाच हलली. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नदीनाल्यांत शिरले. आकडा सर्व्हरवर सुरक्षित राहतो. राख शेतकऱ्याच्या बांधावर येते.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ मध्येच दाखवून दिले होते की वाफेचे इंजिन काटकसरी झाले तसा इंग्लंडमध्ये कोळशाचा खप वाढत गेला. संगणकाची कथा याहून वेगळी नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा केंद्रांनी सुमारे दीड टक्का वीज वापरली आणि २०३० पर्यंत त्यांचा वापर दुपटीहून अधिक होईल. बचतीवर सामाजिक नियंत्रण नसेल तर ती नव्या खपाचे भांडवल बनते.

यावरून यंत्राला विरोध करावा, असा निष्कर्ष निघत नाही. वर उल्लेखिलेल्या दोन्ही कंपन्या सार्वजनिक मालकीच्या आहेत, आणि मालकी सार्वजनिक असूनही नियंत्रण सार्वजनिक नसेल तर काय होते, हे त्यांनी दाखवले आहे. कार्यकर्त्यांनी म्हणून चार मागण्या वॉर्डावॉर्डांत आणि ग्रामसभांत न्याव्यात. धुराड्यांचे आणि राखतलावांचे आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लागावेत. मीटरमुळे कंपनीची किती बचत झाली आणि ती दरात किती उतरली, याचा हिशेब वीज नियामक आयोगासमोर जाहीर मांडला जावा. कमी वापराच्या घरांना वेळेचे बंधन न घालता तेवढीच सवलत मिळावी. काम गेलेल्या कंत्राटी कामगारांना त्याच कंपनीत प्रशिक्षण व नोकरी मिळावी. या मागण्या मान्य होईपर्यंत ‘शाश्वत’ हा शब्द कंपन्यांच्या अहवालापुरताच खरा राहील.