मराठी शिकवणे आणि मराठी येणे

२७ फेब्रुवारी. कुसुमाग्रजांची जयंती, अर्थात मराठी भाषा गौरव दिन. गावोगावी ग्रंथदिंड्या निघतात, शाळांमधून अभिवाचने होतात, मराठीच्या अभिजात दर्जाचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो. हा सोहळा बहुतांशी ज्यांना मराठी येते त्यांनी, ज्यांना मराठी येते त्यांच्यासाठी केलेला असतो. पण या राज्यात लाखो मुलांच्या घरी गुजराती, उर्दू, हिंदी, तेलुगू, कन्नड किंवा सिंधी बोलली जाते. शाळेच्या वेळापत्रकात मराठी असते, तोंडात मात्र नसते. या दिवशी त्या मुलांचा विचार करायला हरकत नसावी.

विधिमंडळाने २०२० साली कायदा करून राज्यातल्या सर्व मंडळांच्या, सर्व माध्यमांच्या शाळांना मराठी शिकवणे सक्तीचे केले. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंडाची तरतूदही केली. हेतू रास्तच होता. मध्यंतरी करोनाचे कारण पुढे करून राज्य मंडळाबाहेरच्या इतर मंडळांच्या शाळांतल्या एका तुकडीला गुणांऐवजी श्रेणी देण्याची सवलत मिळाली, तेव्हा भाषाप्रेमींनी आक्षेप घेतला तोही योग्यच. मात्र या साऱ्या वादात तास किती आणि गुण किती एवढीच चर्चा झाली. त्या तासाला वर्गात नेमके काय घडते, हे फारसे कुणी विचारले नाही.

घडते ते साधारण असे. बाई धडा वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ हिंदीत किंवा इंग्रजीत सांगतात, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देतात. मुले ती उतरवून घेतात आणि पाठ करतात. मग ‘वचन बदला’, ‘लिंग ओळखा’, ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’. परीक्षेत बऱ्यापैकी गुण पडतात. आणि आठ-दहा वर्षे मराठी शिकलेला हाच मुलगा रिक्षावाल्याला ‘पुढच्या सिग्नलला डावीकडे घ्या’ एवढे मराठीत सांगू शकत नाही. एके काळी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्यांनी इंग्रजीचा पाया घातला. त्यातून वाचता आले, अर्जही लिहिता आले, पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडे. आपण ज्या पद्धतीचे चटके सोसले तीच आता मराठीच्या वाट्याला आणली आहे.

दुसरी भाषा माणूस कशी शिकतो, यावर गेल्या साठेक वर्षांत जगभर भरपूर संशोधन झाले आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारचाच आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास परिसरातल्या साध्या शाळांमध्ये इंग्रजीचे वर्ग वेगळ्या रीतीने घेतले. व्याकरणाचा क्रमवार अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि मुलांपुढे नकाशे, रेल्वेची वेळापत्रके आणि सोडवायची छोटी कोडी ठेवली. लक्ष उत्तर काढण्यावर. भाषा ओघाने वापरावी लागे. पुढे स्वतंत्र मूल्यमापन झाले तेव्हा व्याकरणाच्या चाचणीत रूढ पद्धतीचे वर्ग सरस ठरले, तर कृतीवर आधारलेल्या चाचणीत प्रभूंचे वर्ग. मात्र दोन्हींकडे न झुकणाऱ्या चाचण्यांत एकंदरीत प्रभूंच्या वर्गांचे पारडे जड राहिले. ‘टास्क’वर आधारित अध्यापन म्हणून आज जगभर जे ओळखले जाते, त्याच्या आरंभीच्या कामांत हा प्रयोग मोडतो.

मराठीच्या तासाला हेच करायला काय लागते? एसटीच्या वेळापत्रकाचा एक कागद. ‘सकाळी दहाच्या आत साताऱ्याला पोचायचे आहे, कोणत्या गाडीने जाल?’ एखादी मुलगी म्हणेल, ‘दुसरी गाडीने.’ अर्थ पोचला, सामान्यरूप चुकले. बाई सवयीने म्हणतात, ‘हां, दुसऱ्या गाडीने,’ आणि पुढे जातात. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास करून १९९७ साली दाखवले की शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा अशीच परस्पर दुरुस्ती करतात, आणि त्यानंतर मुले बहुतेकदा काही प्रतिसादच देत नाहीत. त्याऐवजी बाईंनी ‘कोणत्या गाडीने?’ असे पुन्हा विचारून क्षणभर थांबावे. मुलगी स्वतःच अडखळते, स्वतःच शोधते, स्वतःच ‘दुसऱ्या’ म्हणते. सामान्यरूपाचा नियम फळ्यावर लिहायचा तर तो या क्षणानंतर लिहावा. तेव्हा त्याची गरज तिला पटलेली असते.

केवळ भरपूर ऐकल्याने भाषा येते का? कॅनडातच याचे उत्तर मिळाले. १९६५ साली माँट्रिअलजवळच्या सेंट लॅम्बर्ट इथे इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरून मुलांचे शिक्षण फ्रेंचमधून सुरू करवले. वर्षानुवर्षे फ्रेंच कानावर पडत राहिली. अशा वर्गांतली मुले समजण्यात फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, पण त्यांच्या बोलण्यालिहिण्यात ठळक चुका उरल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली याचे कारण मांडले: मुलांना स्वतः वाक्य जुळवण्याची, आपले म्हणणे नेमके पोचवण्याची वेळच पुरेशी येत नव्हती. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलायला किती सेकंद मिळतात, याचा हिशेब प्रत्येक मुख्याध्यापकाने एकदा करून पाहावा. जोड्या पाडून, गटागटांत बोलायला लावले की वर्गात थोडा गलका होतो. तो गलका झालाच पाहिजे.

पाठांतराला नावे ठेवण्याचेही कारण नाही. प्रश्न ते कसे करवून घेतो याचा आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता, आठवड्यानंतर दुसरा. म्हणून तासाची पहिली पाच मिनिटे गेल्या आठवड्यातले आणि गेल्या महिन्यातले शब्द आठवून वापरण्यात घालवली, तर परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीपेक्षा ती कितीतरी अधिक फळ देतील.

वयाबद्दलचा आपला समजही तपासून घ्यावा. २०२५ साली एप्रिल ते जून या काळात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून राज्यात जो वाद पेटला, त्यात ‘लहानपणी भाषा पटकन येते’ हे वाक्य सतत ऐकू आले. अखेर २९ जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. भाषा अंगणात, घरात, दिवसभर कानावर पडत असेल तर हे वाक्य खरे आहे. आठवड्याच्या मोजक्या तासांना ते लागू पडत नाही. कार्मेन मुन्योस यांच्या बार्सिलोनातल्या दीर्घ अभ्यासात, तेवढेच तास मिळाल्यावर आठव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांपेक्षा अकराव्या वर्षी सुरुवात करणारे पुढे गेले. लवकर सुरुवात करण्याचा हट्ट धरण्यापेक्षा नीट सुरुवात करणे मोलाचे.

याहून गंभीर गोष्ट नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीची. तिथे पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल थेट मराठी माध्यमाच्या पहिलीत बसते. त्याच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा. पुस्तक मात्र ती पहिली आहे असे धरून लिहिलेले. इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी बालभारती ‘सुलभभारती’ ही मराठीची वेगळी पुस्तके काढते, या मुलांच्या हाती मराठी घरातून आलेल्या मुलांचेच पुस्तक पडते. जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडले की पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते. म्हणजे कोरकूत गोष्ट सांगू देणे हा मराठीचा वेळ खाणे नव्हे, ती मराठीची पूर्वतयारी आहे. मूल गप्प बसले की ते ‘मंद’ ठरवले जाते, आणि पुढे शाळेतून गळते. मराठीच्या गौरवाची खरी कसोटी इथे लागते.

साधने अगदीच नाहीत असे नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने, परकी भाषा शिकवण्याचा आपला अनुभव वापरून, अमराठी भाषकांसाठी ‘माय मराठी’ ही संवादावर आधारलेली पाठ्यपुस्तके तयार केली. पुण्यातल्या पश्चिम क्षेत्रीय भाषा केंद्रात इतर राज्यांतले शिक्षक येऊन मराठी शिकतात. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सिन बर्नसन फलटणला स्थायिक झाल्या, तिथल्या बोलीवर त्यांनी संशोधन केले, मराठी शिकणाऱ्यांसाठी पुस्तके लिहिली आणि पुढे मराठी माध्यमाची शाळाही काढली. हे अनुभव डी.एड., बी.एड.च्या वर्गांपर्यंत पोचवायला हवेत. मराठी साहित्यात एम. ए. झालेला शिक्षक मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवू शकेलच, असे गृहीत धरता येत नाही. ते स्वतंत्र कसब आहे. आणि परीक्षेत तोंडी भागाला खरेखुरे वजन द्यावे. जे तपासले जाते तेच वर्गात शिकवले जाते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

सरकारच्या पदरात एवढे टाकल्यावर उरलेले आपल्या पदरात घ्यायला हवे. वर्गातला शिक्षक आठवड्याला काही तास मराठी देऊ शकतो. बाजार, लोकल, सोसायटीचा जिना, क्रिकेटचे मैदान बाकीचा दिवस देऊ शकतात. पण समोरचा ‘मला… दोन किलो… पाहिजे’ असे चाचरत बोलू लागला, की आपण पुढच्याच वाक्याला हिंदीत शिरतो. कधी सौजन्य म्हणून, कधी घाई म्हणून, कधी त्याच्या चुकलेल्या लिंगाला हसून. आणि मग ‘इतकी वर्षे इथे राहतात, पण मराठी बोलत नाहीत’ म्हणून कुरकुरतो. सक्तीचा कायदा एखाद्याला वर्गात बसवू शकतो, त्याच्याशी बोलू शकत नाही. तेव्हा तुटक मराठीला सावकाश, सोप्या मराठीत उत्तर देणे, आणि ‘ती टेबल’ ऐकूनही हसू आवरणे, एवढे पथ्य पाळले तरी मराठीचा फार मोठा वर्ग रस्त्यावर भरेल. त्याला अनुदान लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. थोडा धीर लागतो, आणि त्याचाच आपल्याकडे तुटवडा आहे.