पाटी मराठी झाली, अक्षराचं काय?

मुलुंड पश्चिमेला माझं पाट्या बनवण्याचं दुकान आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमच्या धंद्याची चांगलीच चंगळ झाली. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर नाव पाठवायचं, खाली सूचना एकच : ‘इंग्लिशपेक्षा लहान नको, बाकी काहीही चालेल.’ कायदा अक्षराचा आकार बघतो, वळण बघत नाही. बघूही नये. पण हे ‘काहीही’ मला खुपतं.

याच मुलुंडमध्ये अक्षरकार कमल शेडगे राहायचे. २०२०मध्ये गेले. ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ अशा नाटकांची नावं त्यांच्या हातची. पेपरातल्या एवढ्याशा जाहिरातीतही नाटकाचा बाज त्या नावावरूनच कळायचा.

आता समजा दुकानाचं नाव आहे ‘काका केक’. फॉन्टमध्ये चारही ‘क’ एकाच साच्यातले. हाताने काढणारा पहिल्याचं पोट फुगवेल, मधल्यांना जरा दाटीने बसवेल, ‘के’च्या मात्रेचा तुरा करेल आणि शेवटच्या ‘क’पुढे जागा मोकळी म्हणून त्याची शेपटी ऐटीत खाली सोडेल. नाव तेच, पण दुकान लक्षात राहतं.

फॉन्टवर माझा राग नाही. ‘मंगल’ आखणारे र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवायचे आणि स्वतः पट्टीचे सुलेखनकार होते. पण मंगल हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर बारीक मजकूर वाचता यावा म्हणून. तोच ताणून दहा फुटी पाटीवर चढवणं म्हणजे वाचायचा चष्मा लावून गाडी चालवणं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रज कलावंत विल्यम मॉरिसने अख्खी पुस्तकं हाताने लिहून वेलबुट्टीने सजवली आणि पुढे त्यानेच आपल्या केल्मस्कॉट छापखान्यासाठी तीन टाइप आखले. हात आणि साचा यांचं वैर नाहीच मुळी.

वैर आहे ते चिकटपणाचं. फर्निचरवर लाखभर रुपये ओतणारा शेठ नावाच्या चार अक्षरांसाठी दोन हजार म्हटलं की लगेच का-कू करतो. एलईडी लावा, अ‍ॅक्रिलिक लावा, माझी ना नाही. फक्त नाव एकदा चांगल्या आर्टिस्टकडून काढून घ्या. एकदा स्कॅन झालं की तीच अक्षरं बिलावर, पिशवीवर, दुसऱ्या शाखेच्या पाटीवरही चालतात, आणि त्याचे पुन्हा पैसे पडत नाहीत.