शेणाला नाके मुरडणाऱ्यांस

वसुबारसेला गाय-वासराला ओवाळावयाचे, पाडव्याला अंगणात शेणाचा गोवर्धन मांडावयाचा, आणि त्याच शेणाच्या गॅसवर करंज्या तळल्या म्हटले की नाकाला पदर लावावयाचा! आमच्या सुशिक्षित घरांतली ही तऱ्हा. सौर पॅनेल आणि डोंगरावरच्या पवनचक्क्या यांचे कौतुक करावयास सारे पुढे, गोबरगॅसचे नाव निघाले की "तो प्रयोग फसला हो!" म्हणून मंडळी मोकळी.

फसला कसा? १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले होते. समाजाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या मैल्याने उजेड दिला! स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे यंत्र केले, आणि १९६०च्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले. शेण आणि तितकेच पाणी कालवून खड्ड्यात सोडावे. हवा नसली की जंतू ते कुजवितात, मिथेन सुटतो, टाकी वर उचलली जाते. चार-पाच जनावरांच्या शेणावर तेवढ्याच माणसांचा स्वयंपाक होतो. बाहेर पडणारे पातळ खत शेतात जाते, त्यातला नत्र शाबूत राहतो. गोवरी जाळली की तो धुरात जातो. आणि धूर जातो बाईच्या छातीत.

मग परसातल्या टाक्या गंजल्या का? अनुदान मिळाले ते बांधण्याला; टाकीला भोक पडले तर बुजविणार कोण, ते कोणी ठरविले नाही. मोजदाद झाली ती बसविलेल्या यंत्रांची, पेटत्या शेगड्यांची नव्हे. थंडीत गॅस कमी येतो, दुष्काळात पाणी नसते, ट्रॅक्टर आल्यावर गोठे ओस पडले, हेही खरे. पण शेण कालवावयाचे बाईने आणि अनुदानाच्या कागदावर सही पुरुषाची, ही वाटणी कोणत्या शास्त्रातली?

"आमच्याकडे गाय कुठे आहे?" असे शहरवासी विचारतील. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शिळा भात, खराब पीठ यांवर चालणारे छोटे यंत्र केले. त्याला २००६ साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेण पचावयास आठवडे लागतात, असल्या खरकट्याला एखाद-दुसरा दिवस. आपल्या सिलिंडरांतला निम्म्याहून अधिक गॅस परदेशांतून जहाजांनी येतो. त्यावर तळलेला फराळ शिळा झाला की आपण कचऱ्यात टाकतो, आणि पुन्हा सिलिंडर महागला म्हणून रडतो!

तेव्हा सरकारला सांगणे एवढेच: तालुक्याला टाकी दुरुस्त करणारा एक लोहार पगारावर ठेवा. नव्या यंत्रांची उद्घाटने मागाहून करा.