माडग्याची लाज कशाला?

प्रस्थापित वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत ‘बालपणीची चव’, ‘आईच्या हातचे’ अशा मथळ्यांचे लेख वर्षानुवर्षे येत आहेत. त्यातले पदार्थ ठरलेले असतात. मऊ भात, वरण, त्यावर साजूक तुपाची धार, लिंबाची फोड, मेतकूट. वाचायला बरे वाटते. पण हेच ‘मराठी माणसाचे बालपण’ म्हणून छापले जाते तेव्हा आम्हांला विचारावेसे वाटते की, हा मराठी माणूस नेमका कुठल्या आळीत राहत होता? आम्ही सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याच्या इस्लामपूरचे. (२०२५ मध्ये शासनाने गावाचे नाव ईश्वरपूर करायचे ठरवले, आमच्या तोंडात अजून जुनेच नाव आहे.) आमच्या वस्तीत भात शिजायचा तो सणाला किंवा कोणी आजारी पडले तर. पोर तापाने फणफणले, बाई बाळंत झाली, पावसाने रोजगार बुडाला, की चुलीवर चढायचे ते हुलग्याचे माडगे.

ज्यांनी ते खाल्ले नाही त्यांच्यासाठी सांगतो. हुलगे तव्यावर खमंग भाजायचे, जात्यावर दळायचे. पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतायचे आणि गुठळी होऊ न देता हलवत राहायचे. घरात गूळ असला तर गुळाचे, नसला तर मीठ आणि ठेचलेला लसूण घालून तिखटमिठाचे. जर्मनच्या डेचकीत ते रटरटायला लागले की सगळे घर त्या वासाने भरायचे. वाटग्यातून फुंकून फुंकून प्यायचे. अंगात ऊब यायची, नाक मोकळे व्हायचे आणि मूठभर पिठात सहा माणसांची भूक मारली जायची. शेवटचा गुण सर्वांत मोठा.

हाच हुलगा बैलांनाही भरडून घालतात. त्यामुळे शाळेत ‘बैलाचं खाणं खाणारे’ असे ऐकून घ्यावे लागायचे. त्यात सुकटीचा वास दप्तराला लागलेला असला तर बाकावर शेजारी कोणी बसत नसे. डब्याचे झाकण अर्धे उघडून, हाताची आड करून, घाईने घास घेणाऱ्या पोरांची आमची पिढी आहे. म्हणून आज ‘बालपणीचे आवडते पदार्थ’ म्हटले की आमच्या लोकांची जीभ अडखळते. जोंधळ्याच्या कण्या, खर्डा-भाकरी, घुगऱ्या, बोंबलाची चटणी, रक्ती, वजडी ही नावे चारचौघांत घ्यायची की नाही, हा हिशेब आधी मनात होतो.

आता मुख्य मुद्दा. ही लाज आपल्याच शिकलेल्या घरांत बाबासाहेबांच्या नावाने पोसली जाते आहे. ‘बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ना?’ असे म्हणून सुकटसुद्धा हद्दपार होते. बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले ते नीट पाहा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या ढोराचे मांस खाणे सोडा आणि उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. दोन्ही गोष्टी गुलामीच्या होत्या. गावकीची राबणूक करायची आणि मोबदल्यात संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची, हा वतनाचा भाग होता. ढोर ओढणे हाही त्याच व्यवस्थेचा भाग. आमच्या आज्यांनी ते सोडले. उपाशी राहून सोडले, हे विसरू नये. त्यांच्या दोरीवर वाळत घातलेल्या चान्या दिसेनाशा झाल्या, ही चळवळीने स्वयंपाकघरात केलेली क्रांती होती. चान्यांच्या आठवणीने आज उमाळे काढणाऱ्यांनी त्या कुठून येत होत्या, हे आधी सांगावे.

पण हुलगा आम्हांला कोणी भिकेत घातला नव्हता. जोंधळा खुरपून, काढून, मळून आमच्या आयांनी तो मजुरीत मिळवला. सुकट बाजारातून रोख पैशाने विकत आणली. खर्डा आमच्या पाट्यावर वाटला. यात लाजायचे ते काय? बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना गोमांसभक्षणाचा प्रश्न किती थंड डोक्याने, पुरावे मांडून तपासला. खाण्यावरून माणसाची प्रतवारी कशी लावली गेली हे त्यांनी दाखवले. ती प्रतवारी मान्य करून वरच्या पायरीवर सरका, असे त्यांनी कुठेही सांगितलेले नाही. आपण मात्र तेच करतो आहोत. पुण्या-मुंबईत भाड्याची खोली बघायला गेले की ‘नॉनव्हेज करता का?’ असे विचारतात. तो प्रश्न जातीचा असतो आणि तो समजूनही आपण ‘नाही नाही, क्वचित’ असे उत्तर देतो.

सोडणे आणि सोडायला लावणे यांत फरक आहे. १९२७ ला आमच्या माणसांनी स्वाभिमानाने सोडले. मार्च २०१५ मध्ये राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. ती कायद्याच्या दंडुक्याने आली. गरिबाचे स्वस्त मांस गेले. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. मात्र बाहेरच्या राज्यातून आणलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाने आपल्या घरात काय खावे यात किती हात घालायचा, याला न्यायालयालाही मर्यादा घालावी लागली.

दुसरीकडे एक गंमत चालली आहे. वाळवा तालुका कृष्णा-वारणेच्या पाण्याचा. साखराळ्याचा कारखाना, चहूकडे ऊस. ज्या रानात जोंधळा होता तिथे ऊस उभा राहिला आणि मजुरीत धान्य मिळायचे ते रोख पैसे झाले. रेशनवर मिळाला तो गहू आणि तांदूळ. (१९७२ च्या दुष्काळातला अमेरिकेचा लाल मिलो म्हाताऱ्यांना अजून आठवतो, त्याची भाकरी थापतानाच मोडायची.) अशा रीतीने आमच्या ताटातली भाकरी कमी होत गेली, चपाती आली, भात रोजचा झाला. आणि मग २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारी, बाजरी, नाचणीला ‘श्रीअन्न’ अशी पदवी मिळाली. ज्या भाकरीसाठी आम्हांला हिणवले ती आता हायवेच्या हॉटेलात ‘गावरान थाळी’त मिरवते. हुलग्याचे पीठ शहरात पौष्टिक म्हणून पाकिटातून विकले जाते. पदार्थाला मान मिळाला, तो शिजवणारीला नाही.

हे का होते? कारण आपण लिहून ठेवले नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या कुंडलला जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’ लिहिले. वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला आणि ते पुस्तक मध्यमवर्गीय घराघरांत गेले. आमचा त्यांच्यावर राग नाही. त्यांनी आपल्या घरचे लिहिले, नीट लिहिले. आपल्या घरचे कोणी लिहायचे? आमच्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’त भूक लिहिली. दलित आत्मकथनांतही भूक आहे. पण भूक भागवणारे हात काय आणि कसे शिजवत होते, त्याची माहिती तुकड्या-तुकड्यांनी येते. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा केल्या. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. ते मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाबद्दल आहे. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. सातारा-सांगलीकडच्या आमच्या चुलींबद्दल असे काम व्हायला हवे. सत्तरीपुढच्या बाया आहेत तोवर. वस्तीतल्या शिकलेल्या मुलींनी वही घेऊन आजीपुढे बसावे आणि ‘अंदाजानं घालायचं’ हे उत्तर मान्य करू नये.

आणि हा प्रश्न केवळ आठवणींचा नाही, हेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्याला केळे देण्याचा निर्णय घेतला. लगेच धार्मिक भावना दुखावल्याची ओरड झाली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठी वेगळा पैसा द्यायचे थांबवले आणि शाळांनी हवे तर लोकसहभागातून भागवावे असे सांगितले. लोकसहभाग म्हणजे कोणाचा? ज्या पालकाची दिवसाची मजुरी पोरांच्या वह्यांत जाते त्याचा? ज्याच्या घरी अंडे रोज शिजते त्याच्या पोराचे काही बिघडले नाही. कारखान्यावर बीडकडून आलेल्या ऊसतोड्याच्या पोराचे, आमच्या वस्तीतल्या पोराचे आठवड्यातले एक अंडे गेले. त्यावर मोर्चा निघाल्याचे आमच्या तालुक्यात तरी आम्ही पाहिले नाही.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे म्हटले आहे. आपल्या वस्तीतले जे पालक त्या समितीत आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत अंड्याचा विषय मांडावा, ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. विषय लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी बोललेले इतिवृत्तात येत नाही.