सुचण्याची किंमत

कलेची प्रेरणा दूरदेशीच मिळते, हे मला पटत नाही. बेळगावहून हल्याळला गेलो असता सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ पाहिली. जुनेर कापडांचे तुकडे कडेपासून आत टाके घालत जोडायचे; चारही कोपऱ्यांना ‘फुलं’ लावल्याखेरीज ती पुरी होत नाही. नमुना कागदावर नसतो, हाताशी आलेल्या तुकड्यांतून सुचत जातो. घरच्या आजीची गोधडी, शेजारच्या अज्जींची कौदी, यांचेही तेच. मग हीच वस्तू विकत घेताना ‘चिंध्याच तर आहेत’ म्हणून घासाघीस का? आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी कापडाची किंमत धरतो, फार तर मजुरीची. सुचण्याची किंमत मात्र कोणत्याच खात्यावर मांडत नाही. मित्रहो, ती मांडल्याशिवाय हा हिशेब जुळणार नाही!